माप काय? एका भिंतीसाठी कोरेल आणि ऑनलाइन फळा

गाळ्यात गिऱ्हाईक शिरलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला. माप काय? कागद, रंग, तारीख, पैसे हे सगळं त्याच्या मागून. माप न सांगता "छानसं काहीतरी करा" म्हणणाऱ्याला मी चहा पाजते आणि घरी पाठवते. सव्वीस वर्षं झाली, गिरगावात खाडिलकर रोडच्या मागच्या गल्लीत बसून हेच चाललंय: लग्नपत्रिका, मंडळांच्या पावत्या, दवाखान्यांच्या पाट्या, मधूनच एखादी स्मरणिका. त्यामुळे "वेक्टर सॉफ्टवेअर घेऊ की ऑनलाइन व्हाइटबोर्ड?" असं कुणी विचारलं की मला हसू यायचं. वेक्टर म्हणजे बिंदू आणि वक्रांतून चित्र काढणारं, कितीही मोठं केलं तरी न फुटणारं, माझं कोरेल त्यातलंच. व्हाइटबोर्ड म्हणजे इंटरनेटवरचा, अनेकांनी मिळून लिहायचा फळा. कात्री घेऊ की सतरंजी, असला तो प्रश्न वाटायचा. गेल्या वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर दोन्ही रोज वापरले, आणि आता हसत नाही.

निमित्त शाळेचं. परळच्या आमच्या शाळेला ७५ वर्षं झाली. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा, आणि तळमजल्याच्या व्हरांड्यात या ७५ वर्षांची एक भिंत करायची असं ठरलं. भिंत बत्तीस फूट लांब, आठ फूट उंच. शिपाईमामांना टेपचं दुसरं टोक धरायला लावून मी स्वतः मोजली. म्हणजे आठ बाय चारचे आठ सनबोर्ड (फोमचे तक्ते) उभे, वर छापलेलं व्हिनाइल (पातळ, चिकटवायचं प्लास्टिक). माझ्या डोक्यात काम तिथेच संपलं होतं. कोरेल उघडायचं, ३८४ इंच बाय ९६ इंचांचं पान घ्यायचं, सात उभ्या रेघा मारायच्या आणि भरायला लागायचं. ३८४ इंचांत ७५ वर्षं, म्हणजे एका वर्षाला पाच इंच आणि वर थोडं. वहीत तेही लिहून टाकलं.

समितीत अकराजण. दोघं डोंबिवलीचे, एक विरारचा, एक पुण्याची, एक न्यू जर्सीत, बाकीचे इथलेच पण वेळ कुणालाच नाही. शिवाय आमच्या चौथीच्या बाई, वय ८१, दादरला लेकीकडे असतात. आठवणी गोळा करायला व्हॉट्सॲपचा गट काढला आणि चार दिवसांत त्यात गुड मॉर्निंगची फुलं धरून चारशे मेसेज पडले. ऐरोलीला सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारी माझी भाची रविवारी घरी आली होती. माझं स्क्रोलिंग बघून म्हणाली, "मावशी, बोर्ड उघड. सगळे त्यावरच टाकतील."

"कशाला? कोरेलमध्येच लावते एकेक."

"कोरेलमध्ये तू एकटी बसणार आणि दहाजण मागे उभे राहून बोटं दाखवणार. तुझ्या गाळ्यात दहाजण मावतात का?"

मावत नाहीत. पोटमाळा धरून चार.

मग आठवडाभर फळे चाळले. गूगलचा जॅमबोर्ड आमच्या पुण्याच्या बाईंना माहीत होता, पण तो ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झालाय. हे लक्षात ठेवावं असं प्रकरण आहे, त्याकडे नंतर येते. मिरो हा या सगळ्यांतला मोठा. २०११ मध्ये रिअलटाइमबोर्ड नावाने सुरू झाला, २०१९ मध्ये बारसं बदललं. फुकटच्या प्लॅनमध्ये तीन बोर्डांवर काम करता येतं, आणि एका मेळाव्याला एक पुरतो. फिगजॅम हा फिग्मा या डिझाइन सॉफ्टवेअरचा धाकटा, २०२१ चा. दिसायला गोड, आणि भाचीच्या ऑफिसात तोच चालतो. एक्सकॅलिड्रॉ मला स्वतःला आवडला. खातं उघडायची भानगड नाही, दुवा पाठवला की समोरचा थेट फळ्यावर. हाताने काढल्यासारख्या वाकड्या रेघा येतात. त्याच्या हस्ताक्षरात मात्र देवनागरी नाही. मराठी लिहिलं की साधा फॉण्ट येतो आणि ती गंमत जाते.

शेवटी आम्ही कुठला घेतला ते सांगत नाही. पुढे जी फजिती सांगणार आहे ती त्या एकट्याची नाही, त्याच्या जागी दुसरा असता तरी तेच झालं असतं.

पहिले आठ दिवस करमणूक. ज्यांनी हे वापरलं नाही त्यांच्यासाठी सांगते: एक पांढरं पान, त्याला कडा नाही. कुठेही टिचकी मारा, पिवळी चिठ्ठी उमटते, तिच्यावर लिहा. जो फळ्यावर असेल त्याचा नाव लावलेला रंगीत बाण इकडेतिकडे फिरताना दिसतो. चौथीच्या बाईंनी लेकीच्या टॅबवर पाहिलं आणि मला फोन केला. "अगं, ते पिवळे कागद आपोआप हलतायत. मी हात लावला तर पडतील का गं?" मी म्हटलं, नाही पडणार बाई, बिनधास्त लावा. दुसऱ्याच दिवशी डोंबिवलीच्या एकाने मोबाइलवर चिमटीने मोठं करता करता सगळं निवडलं आणि १९५० ते १९६९ हा अख्खा पट्टा उचलून १९९८ वर नेऊन ठेवला. तो तिथून निघूनही गेला. त्याला पत्ता नाही, आणि आम्ही इकडे रात्री साडेअकराला इतिहासाची हलवाहलव करतोय. अशा वेळी एक तर फळ्याचा जुना आवृत्ती-इतिहास उघडून मागे जाता येतं, आणि दुसरं म्हणजे वर्षांचे आकडे, चौकटी, जे हलायला नको ते आधीच निवडून लॉक करून ठेवायचं असतं. आम्ही ते नंतर शिकलो. तुम्ही आधी करा, विशेषतः फळ्यावर पन्नाशीच्या पुढची मंडळी मोबाइलवरून येणार असतील तर.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी फळा दूर नेऊन पाहिला, म्हणजे अगदी लहान केला, की चिठ्ठ्यांवरची अक्षरं दिसू नयेत, नुसते पिवळे ठिपके दिसावेत. चारशे बारा चिठ्ठ्या. १९९१ वर ढीग लागलेला, एकट्या माथेरानच्या सहलीवर ३७. साठच्या दशकात जेमतेम पाच. आणि १९८२-८३ च्या जागी पांढरंशुभ्र. मध्ये एकच ठिपका. जवळ जाऊन वाचला.

"संपाच्या वर्षी आम्ही गावाला गेलो. वर्गाच्या फोटोत मी नाही."

खाली नाव नव्हतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी दुसरीत होते. सुमारे अडीच लाख कामगार संपावर होते हे मोठेपणी वाचलं. तेव्हा एवढंच कळलं होतं की तिसरीच्या दिवाळीनंतर शेजारच्या बाकावरची मुलगी परत आली नाही, आणि तिची जागा वर्षभर मोकळी राहिली. मी तेवढंच एका चिठ्ठीवर लिहून त्या ठिपक्याशेजारी ठेवलं. दहा मिनिटांत विरारच्या पोराचा हिरवा बाण तिथे आला, थांबला, आणि त्याच्या खाली अक्षरं उमटायला लागली. त्याचे वडील संपानंतर वडापावची गाडी लावत. मग आणखी एक बाण. न्यू जर्सीत तेव्हा दुपार असणार, तिकडूनही एक. सकाळी पाहिलं तर २३ चिठ्ठ्या होत्या. ज्याने किंवा जिने पहिली लावली, ते कोण हे आजही आम्हाला ठाऊक नाही.

वहीतलं पाच इंचांचं गणित मी त्या सकाळी खोडलं. भिंतीवर १९८२-८३ ला चौतीस इंच दिले, माथेरानच्या सहलीला नऊ.

हे मी मान्य करायला हवं. माझा धंद्याचा प्रश्न, माप काय, मी फार लवकर विचारला होता. कोरेलच्या पानावर ७५ सारखे कप्पे पाडले असते तर दर कप्प्यात काहीतरी भरलंच असतं, संपाच्या वर्षातही त्या वर्षीच्या मुख्याध्यापकांचा फोटो टाकून जागा बुजवली असती, आणि तिथे भोक होतं हे कुणालाच कळलं नसतं. फळ्याला माप नाही म्हणून भोक दिसलं.

आता त्याची दुसरी बाजू. माप नाही म्हणून ते काम संपतही नाही. नोव्हेंबर उजाडला तरी चिठ्ठ्या येतच होत्या. दोन चिठ्ठ्यांमध्ये तिसरी, तिच्यावर बदाम, बदामावर कुणाचा तरी प्रतिसाद. बंडूच्या चहाच्या गाडीवरून (गाडीवाल्याचं खरं नाव बंडू नव्हतं, यावरही १४ चिठ्ठ्या) तीन दिवस वाद. मतदानाची सोय आहे फळ्यात, प्रत्येकाला ठरावीक ठिपके मिळतात, ते आवडत्या चिठ्ठीवर लावायचे. लावले. निकाल लागला. मग निकालावर चिठ्ठ्या आल्या. शेवटी २० नोव्हेंबरला रात्री नऊ वाजता मी सगळ्यांचे हक्क 'फक्त पाहणे' असे करून टाकले आणि गटावर लिहिलं: आता जे आहे ते आहे. दोघं दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

आणि तेवढ्यात आमचे खजिनदार म्हणाले, "फळा एवढा सुंदर झालाय तर तोच छापा ना. परत कोरेलमध्ये कशाला करता, दुप्पट काम." कुणाही सरळ माणसाला हेच वाटेल. मी वाद घातला नाही. फळ्यावरून मिळेल तेवढी मोठी प्रतिमा उतरवली. सहा हजार पिक्सेल रुंद आली. ऐकायला मोठी वाटते. ३८४ इंचांनी भागा: इंचाला जेमतेम सोळा ठिपके. फ्लेक्सवाला रस्त्यापलीकडून बघायच्या बॅनरला ७२ मागतो, आणि इथे तर लोक दोन फुटांवर उभे राहून आपलं नाव शोधणार. ७२ ने हिशेब केला तर २७,६४८ गुणिले ६,९१२, म्हणजे एकोणीस कोटींवर पिक्सेल लागतात. खजिनदारांसाठी मी एका चौरस फुटाचा नमुना छापून घेतला आणि टेबलावर ठेवला. 'माथेरान' या शब्दाच्या जागी पायऱ्या-पायऱ्यांचा जिना होता. रंगही गेलेले. फळ्यावरचा पोपटी स्क्रीनच्या उजेडावर जगतो. निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी या चार शायांत तो नाहीच. छापल्यावर शेवाळासारखा आला. खजिनदार चष्मा पुसत म्हणाले, "नवीन काढा."

पीडीएफही उतरवून पाहिली, की निदान अक्षरं तरी वेक्टर मिळतील. कोरेलमध्ये उघडली तेव्हा प्रत्येक अक्षर सुटं झालेलं. वेलांटी एकीकडे, रफार तिसऱ्याच्या डोक्यावर. शेवटी चिठ्ठ्यांचा मजकूर सीएसव्ही फाइलमध्ये (नुसत्या मजकुराच्या साध्या तक्त्यात) घेतला. ती एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली की मराठीच्या जागी डोक्यावर टोप्या घातलेले रोमन ए दिसतात. घाबरू नका, मजकूर शाबूत असतो. एक्सेलच्या डेटा मेनूतून फाइल आत घ्यायची आणि तिथे यूटीएफ-८ (मराठीही ओळखणारी अक्षरांची पद्धत) निवडायचं, किंवा सरळ गूगल शीट्समध्ये उघडायची. एवढं एक कळायला माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

पुढचे तीन आठवडे कोरेल. इथे मी घरच्या मैदानावर आहे, तेव्हा पक्षपात होणार हे धरून वाचा. कोरेलड्रॉ १९८९ चा, कॅनडातला. आपल्याकडे फ्लेक्सवाला, पत्रिकावाला, स्क्रीन प्रिंटिंगवाला, रबरी शिक्केवाला सगळे त्यावर बसलेले. माझी पहिली प्रत लॅमिंग्टन रोडवरून आलेली सीडी होती, आवृत्ती ९, आणि तिची पावती नव्हती. आताची २०१८ ची आहे, एकदाच पैसे भरून घेतलेली, पावतीसकट. कोरेलमध्ये पान १,८०० इंचांपर्यंत घेता येतं, म्हणून बत्तीस फुटांची भिंत मी खऱ्या मापात, एकास एक, मांडू शकले. ॲडोबीच्या इलस्ट्रेटरमध्ये पूर्वी २२७ इंचांपुढे जाता यायचं नाही, एकोणीस फुटांवर भिंत संपायची. लोक एकास दहा प्रमाणात काम करून मशीनवर मोठं करत. २०२० मध्ये त्यांनी मोठा कॅनव्हास दिला, तेव्हापासून ती अडचण सुटली.

पण वेक्टर कशासाठी लागतं ते मापात नाही दिसत. ते दिसलं बोधचिन्हात. शाळेच्या बोधचिन्हाची मूळ प्रत कुणाकडेच नव्हती. मिळाला तो एका १९६८ च्या प्रगतिपुस्तकावरचा रबरी शिक्का, जांभळा, एका बाजूला पुसट, सव्वा इंचाचा. त्यात समई, तिच्याभोवती वर्तुळ, खाली पुस्तक. तो भिंतीवर चार फूट व्यासाचा हवा होता, आणि वेगळ्या सोनेरी व्हिनाइलमधून कापून चिकटवायचा होता. स्कॅन करून कोरेलच्या पॉवरट्रेसला, म्हणजे चित्रावरून आपोआप रेघा काढणाऱ्या सोयीला, दिला. त्याने क्षणात समई काढून दिली, १,१४० नोडची (नोड म्हणजे रेघेवरचा बिंदू). म्हणजे शाईचा प्रत्येक डाग, कागदाचा प्रत्येक तंतू त्याने इमानाने काढला. असली फाइल कटिंग प्लॉटरला (व्हिनाइल कापणाऱ्या मशीनला) दिली तर पातं दर मिलिमीटरला अडखळतं, कडा करवतीसारखी येते आणि व्हिनाइल सोलताना फाटतं. मी ट्रेस खाली फिका करून कुलूप लावलं आणि वर हाताने समई काढायला घेतली. वक्राचा सगळा खेळ दोन टोकांचे बिंदू आणि त्यांना लावलेल्या दोन दांड्यांत असतो. पिअर बेझिए नावाच्या रेनोच्या इंजिनिअरने हे वक्र मोटारींच्या अंगासाठी वापरात आणले, म्हणून त्यांना बेझिए म्हणतात. समईच्या पोटाला मी चार बिंदू दिले, मानेला सहा, ज्योतीला तीन. ज्योत मला तिसऱ्या दिवशी जमली. पहिल्या दिवशी ती मिरचीसारखी दिसत होती. अख्खी समई ४६ नोडमध्ये बसली. प्लॉटरचं पातं एका दमात फिरलं, आणि आमचा मशीनवाला, जो सहसा काहीच बोलत नाही, म्हणाला, "लोणी आहे."

हे काम फळ्यावर होत नाही. त्यावर पेन आहे, पण ते खुणा करायचं पेन आहे. आणि हे अकराजणांनी मिळूनही होत नाही. ज्योत मिरचीसारखी दिसते का, यावर मतदान घ्यायचं नसतं.

कोरेलची फजितीही सांगते, नाहीतर अन्याय होईल. अक्षरं युनिकोडमध्ये मुक्तात लावली ('एक टाइप' या मुंबईच्याच मंडळींचा फॉण्ट, फुकट आहे, आणि लहान आकारातही वाचता येतो). छापायला देण्याआधी सगळं निवडून कंट्रोल क्यू: कन्व्हर्ट टू कर्व्ह. हे न करता फाइल दिली आणि मशीनवाल्याकडे तो फॉण्ट नसला की पाटीवर काय छापून येईल याचा नेम नाही. पण एकदा कर्व्ह केलं की अक्षर हे अक्षर राहत नाही, नुसता आकार होतो. त्यात काना घालता येत नाही. माझ्याकडे ए-३ वर काढलेलं प्रूफ बघायला बाई लेकीला घेऊन दादरहून नव्या मेट्रोने गिरगावला आल्या. चष्मा लावून आठही पॅनेल ओळीने वाचले, जसे आमचे निबंध वाचायच्या तसे. सातव्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "मुख्याध्यापिका." मी 'मुख्यध्यापिका' लिहिलं होतं. अकराजणांनी, दोन महिने, फळ्यावरही हा शब्द असाच पाहिला होता. एकाचीही चिठ्ठी नाही. मी दर जॉबच्या दोन फाइल ठेवते, एक 'टेक्स्ट' नावाची आणि एक 'कर्व्ह', म्हणून पाच मिनिटांत निभावलं. ज्यांना ही सवय नाही त्यांनी आज लावून घ्यावी.

तर कुणी काय घ्यावं. शेवटी वस्तू स्क्रीनवरच राहणार असेल, ॲप असेल, वेबसाइट असेल, तर तुमचा प्रश्न माझ्याहून सोपा आहे. भाचीच्या ऑफिसात गप्पा फिगजॅमवर होतात आणि काम फिग्मात. एकाच घरातल्या दोन खोल्या, वस्तू इकडून तिकडे उचलून नेता येते. फिग्मासुद्धा वेक्टरच आहे, पण त्याला पिक्सेल आणि स्क्रीनचे रंग समजतात, सीएमवायके, म्हणजे छपाईच्या त्या चार शायांची भाषा, तो मुळात बोलत नाही, म्हणून पत्रिका त्यात करू नका. या फिग्माला ॲडोबी २० अब्ज डॉलरना विकत घेणार होती, सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीरही झालं, आणि युरोप-ब्रिटनच्या नियामकांनी हरकती घेतल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये ते मोडलं. छापणाऱ्यांच्या घरात फळा आयता आला असता. राहिलं.

छापायचं असेल आणि खिशात पैसे नसतील तर इंकस्केप, हाही वेक्टरच. २००३ पासून आहे, फुकट आहे, आणि मराठी जोडाक्षरं त्यात सुरेख जुळतात, हे मी जुन्या कोरेलबद्दल म्हणू शकत नाही. पूर्वी कोरेलमध्ये युनिकोड मराठी चिकटवली की 'किती'ची वेलांटी 'क'च्या मागे जाऊन बसायची, म्हणून तर आम्ही सगळे श्री-लिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टांवर दिवस काढले. इंकस्केपचं दुखणं छपाईच्या रंगांचं आहे. तिथे तो कच्चा, शेवटचा हात दुसरीकडे फिरवावा लागतो. इलस्ट्रेटर उत्तम आहे पण दर महिन्याचं भाडं आहे, आणि प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली इंडिक ऑप्शन्स चालू केल्याशिवाय मराठी लिहायला बसू नका. अॅफिनिटी हे डिझाइन सॉफ्टवेअर कॅनव्हा कंपनीने २०२४ मध्ये घेतलं आणि ऑक्टोबर २०२५ पासून फुकट केलं, त्यामुळे हल्ली प्रत्येक विद्यार्थी त्याबद्दल विचारतो. वर्षानुवर्षं त्यात देवनागरी फुटायची. तेव्हा उतरवल्यावर पहिल्या मिनिटात 'तऱ्हा, दुसऱ्याला, विठ्ठल, ज्ञानेश्वर, कीर्ती' एवढं लिहून बघा. हे पाच शब्द नीट आले तर पुढे जा. माझी ही परीक्षा कुठल्याही सॉफ्टवेअरला लागू आहे, फळ्यांनाही.

जॅमबोर्डचं सांगायचं राहिलं. बंद होण्याआधी लोकांना आपले फळे पीडीएफ म्हणून उतरवून घ्यायला सांगितलं होतं. फळा म्हणून ते आता उघडत नाहीत. माझ्याकडे २००४ ची एका दवाखान्याची पाटी सीडीआरमध्ये, म्हणजे कोरेलच्या फाइलीत, आहे, गेल्या महिन्यात उघडली, फोन नंबर बदलला, पुन्हा छापली. फळा दुसऱ्याच्या जागेत भरतो. म्हणून आमच्या सगळ्या चिठ्ठ्यांची एक्सेल मी पेनड्राइव्हवर घालून शाळेच्या ग्रंथालयात दिली आहे, आणि एक प्रत इथे गाळ्यात.

भिंत अजून व्हरांड्यात आहे. चौतीस इंचांच्या त्या भागापाशी, कंबरेच्या उंचीवर, व्हिनाइलवर बॉलपेनने कुणीतरी दोन नावं लिहिली आहेत. मुख्याध्यापिकाबाईंनी मला फोन करून विचारलं, तेवढं पॅनेल बदलून देता का, फाइल आहे ना तुमच्याकडे. फाइल आहे. मी म्हटलं, राहू द्या.

परवाच एक लग्नघर आलं. नवरीचा भाऊ म्हणाला, दोन्हीकडचे मिळून मजकूर ठरवायला एक ऑनलाइन बोर्ड करूया का, ताई? मागे नवरीची आत्या आणि नवऱ्यामुलाचे काका आत्ताच एकमेकांकडे न बघता उभे होते, कारण पत्रिकेत कुणाच्या आजोबांचं नाव आधी. मी विचारलं, माप काय? म्हणाला, साडेसात बाय पाच. कोरेल उघडलं.